हृदयाची भिंत जाड होते तेव्हा...

वारशाने येणाऱ्या हृदयस्नायूविकाराचे निदान, उपचार आणि भोर-वेल्ह्यातील कुटुंबांपुढील प्रश्न

आषाढातील भातलावणी असो, गावच्या जत्रेतील कुस्त्यांचा आखाडा असो, की गडाची चढण. तिशी-चाळिशीतील धडधाकट माणूस काम करता करता कोसळला, की गावात एकच वाक्य उच्चारले जाते, 'अटॅक आला.' अंत्यविधी उरकतात, दहावे-तेरावे होते आणि विषय तेथेच संपतो. मात्र हा मृत्यू रक्तवाहिनीतील अडथळ्यामुळे झाला, की हृदयाच्या स्नायूतच जन्मजात दोष होता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो विचारला जात नाही, म्हणून मृताच्या भावाची, बहिणीची, मुलांची तपासणी होत नाही. वारशाने येणाऱ्या हृदयस्नायूविकाराच्या बाबतीत सर्वांत मोठे नुकसान होते ते नेमके येथेच.

'हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी' किंवा संक्षेपाने 'एचसीएम' या नावाने ओळखला जाणारा हा विकार दुर्मीळ समजला जात असे. प्रत्यक्षात सुमारे ५०० व्यक्तींमागे एकाच्या हृदयात तो आढळतो, असे १९९५ पासूनच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. डोंगरदऱ्यांत विखुरलेल्या वाड्या-वस्त्यांच्या भोर आणि वेल्हे या तालुक्यांसाठी हे प्रमाण निव्वळ पुस्तकी राहत नाही. (वेल्हे तालुक्याचे नाव बदलून 'राजगड' करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला.) या भागातील असंख्य कुटुंबांचा एक पाय गावात, तर दुसरा पुण्या-मुंबईत असतो. त्यामुळे या आजाराची माहिती शहरातील चाकरमान्याला असेल, तर तिचा उपयोग गावाकडील साऱ्या गोतावळ्याला होऊ शकतो.

नेमके बिघडते काय?

हृदय हा स्नायूंचा पंप आहे. त्याच्या डाव्या बाजूचा खालचा कप्पा शुद्ध रक्त संपूर्ण शरीरात ढकलतो. या कप्प्याच्या भिंतीची जाडी प्रौढ माणसात साधारणतः १२ मिलिमीटरपेक्षा कमी असते. दीर्घकाळचा उच्च रक्तदाब किंवा अरुंद झालेली झडप असे कोणतेही कारण नसताना ही जाडी १५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक भरली, तर एचसीएमचे निदान केले जाते. कुटुंबात हा आजार आधीच सिद्ध झाला असेल, तर १३ मिलिमीटर जाडीही पुरेशी मानतात. बहुतेक वेळा दोन खालच्या कप्प्यांमधील पडदा सर्वाधिक जाड होतो.

जाड झालेला स्नायू बळकट असतो, हा समज मात्र चुकीचा आहे. पैलवानाच्या दंडासारखी ही वाढ नसते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास या स्नायूंचे तंतू विस्कळीत, एकमेकांत गुंतलेले दिसतात. मधूनमधून व्रणासारखी ताठर जाळी तयार झालेली असते. अशा हृदयाचे आकुंचन जोरदार होते. परंतु ते नीट सैलावत नाही आणि त्यामुळे पुरेसे भरत नाही. विस्कळीत तंतूंमधून विजेचे संदेशही वेडेवाकडे फिरतात. त्यातूनच हृदयाचे ठोके अचानक बेताल होण्याचा धोका निर्माण होतो.

सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांमध्ये आणखी एक अडचण असते. जाड पडदा रक्त बाहेर पडण्याच्या वाटेत येतो आणि प्रत्येक ठोक्याला मिट्रल झडपेचे पान त्याच्याकडे ओढले जाते. वाट अरुंद होते, कप्प्यातील दाब वाढतो. काही रुग्णांमध्ये हा अडथळा विश्रांतीच्या वेळी दिसतच नाही. चालल्यावर, जिना चढल्यावर वा शरीरातील पाणी कमी झाल्यावरच तो प्रकट होतो.

लंडनमधील विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टिअर यांनी १९५८ मध्ये, अचानक मृत्यू आलेल्या तरुणांच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले. या आजाराचा आधुनिक अभ्यास तेथून सुरू झाला, असे मानले जाते. सर्वसामान्यांना त्याची दाहकता जाणवली ती २६ जून २००३ रोजी. फ्रान्समधील लिऑं येथे कॉन्फेडरेशन्स चषकाच्या उपांत्य सामन्यात कॅमेरूनचा २८ वर्षांचा फुटबॉलपटू मार्क-विवियन फो मैदानातच कोसळला आणि दगावला. शवविच्छेदनात त्याचे हृदय याच विकाराने ग्रासलेले असल्याचे निष्पन्न झाले.

वारसा कसा चालतो?

हृदयस्नायूतील प्रथिने घडविणाऱ्या जनुकांपैकी एखाद्यातील दोष हे एचसीएमचे प्रमुख कारण होय. असा पहिला दोष १९९० मध्ये शोधला गेला. त्यानंतर अनेक जनुके उजेडात आली. त्यांपैकी 'मायोसिन हेवी चेन' आणि 'मायोसिन बाइंडिंग प्रोटीन-सी' या दोन प्रथिनांच्या जनुकांतील दोष सर्वाधिक आढळतात.

आई किंवा वडील यांपैकी एकाकडे सदोष जनुक असेल, तर प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा की मुलगी, याने फरक पडत नाही. आपल्याकडे नेमकी येथेच गफलत होते. आजार 'घराण्याचा' म्हटला, की विचार होतो तो भावकीचा; म्हणजे एका आडनावाच्या पुरुषांचा. सासरी गेलेली बहीण, आत्या, तिची मुले या विचारातून सुटतात. भोरच्या लेकीचे सासर वेल्ह्यात, मावळात वा घाटाखाली महाडकडे असेल, तर जनुकही तिच्याबरोबर तेथे पोचलेले असू शकते. त्यामुळे वंशावळ लिहिताना मुलींची शाखा तितक्याच काळजीने लिहावी लागते.

सदोष जनुक असलेल्या प्रत्येकाला सारखाच त्रास होत नाही. एका भावाला विशीत धाप लागू लागते, दुसरा सत्तरीपर्यंत नांगर धरतो. म्हणूनच 'वडिलांना काही झाले नाही, मग मला कशाला होईल?' हा युक्तिवाद या आजारात टिकत नाही.

भारतीयांच्या संदर्भात एक संशोधन विशेष महत्त्वाचे आहे. हैदराबादच्या 'सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी' अर्थात सीसीएमबी या संस्थेतील कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध २००९ मध्ये 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मायोसिन बाइंडिंग प्रोटीन-सीच्या जनुकातून २५ अक्षरांचा एक तुकडा गळालेला असण्याची त्रुटी दक्षिण आशियाई वंशाच्या सुमारे ४ टक्के लोकांमध्ये असते आणि अशा व्यक्तींना हृदय निकामी होण्याचा धोका अधिक असतो, असे त्यात दाखविण्यात आले. ही त्रुटी ३० हजारांहून अधिक वर्षांपूर्वी भारतीय उपखंडात उद्भवली असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. तिचे दुष्परिणाम बहुधा उतारवयात, म्हणजे मुले झाल्यानंतर दिसत असल्याने ती पिढ्यान्पिढ्या टिकून राहिली.

या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. ही त्रुटी असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना एचसीएम होत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतील दक्षिण आशियाई वंशीयांच्या अभ्यासातून असे पुढे आले, की या त्रुटीच्या जोडीला त्याच जनुकात आणखी एक बदल असलेल्यांमध्ये धोका प्रामुख्याने एकवटलेला असतो आणि अशांचे प्रमाण त्रुटीधारकांच्या सुमारे एक-दशांश आहे. मात्र दोन्ही पालकांकडून ही त्रुटी आल्यास आजार लवकर आणि तीव्र स्वरूपात प्रकटतो. मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. कुटुंबात हृदयस्नायूचा आजार ठाऊक असेल, तर नात्यात सोयरीक जुळविण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

लक्षणे आणि होणारी दिशाभूल

अनेक रुग्णांना वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. इतरांमध्ये पुढील लक्षणे दिसतात :

- चढण चढताना, ओझे उचलताना किंवा भरपेट जेवणानंतर चालताना धाप लागणे
- श्रमाच्या वेळी छातीत दुखणे किंवा आवळल्यासारखे वाटणे
- छातीत धडधड, ठोका चुकल्याची जाणीव
- उठताना अंधारी येणे, भोवळ
- श्रम करताना किंवा श्रम थांबताच शुद्ध हरपणे

यांपैकी शेवटचे लक्षण सर्वांत गंभीर होय. खेळताना अथवा काम करताना तरुण व्यक्ती बेशुद्ध पडली, तर ते अशक्तपणाचे, उपवासाचे किंवा फेफऱ्याचे लक्षण समजून सोडून देऊ नये. बाहेरची बाधा ठरवून उतारा टाकण्यात वेळ दवडणे तर जिवावर बेतू शकते. काही क्षणांत माणूस शुद्धीवर आला आणि पूर्ववत बोलू लागला, तरी हृदयाची तपासणी झालीच पाहिजे.

दिशाभूल डॉक्टरांचीही होते. एचसीएममध्ये ईसीजीचा आलेख अनेकदा हृदयविकाराच्या झटक्यासारखा दिसतो. धाप दम्याची वाटते. तरुण स्त्रीची धडधड मनावरचा ताण म्हणून मोडीत निघते. यातून सुटका करणारी तपासणी म्हणजे टू-डी इको. वेदनारहित अशा या तपासणीत भिंतीची जाडी, झडपेची हालचाल आणि रक्ताच्या वाटेतील अडथळा दिसतो. रुग्णाला श्वास रोखून कुंथायला लावून, उकिडवे बसवून उठवून किंवा व्यायामानंतर इको केल्यास लपलेला अडथळाही उघड होतो. २४ ते ४८ तास ठोक्यांची नोंद करणारा होल्टर आणि स्नायूतील व्रण दाखविणारा हृदयाचा एमआरआय या पुढील पायऱ्या होत.

उपचार : औषधांपासून शस्त्रक्रियेपर्यंत

आजार मुळापासून नाहीसा करणारा उपचार आज तरी नाही. तथापि लक्षणे आटोक्यात ठेवणे, अचानक मृत्यू टाळणे आणि गुंतागुंत वेळीच ओळखणे या तिन्ही आघाड्यांवर बरेच काही साध्य झाले आहे. योग्य देखरेखीखाली असलेल्या प्रौढ रुग्णांमध्ये या आजारामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वर्षाला एक टक्क्याहून कमी आहे. बहुसंख्य रुग्ण सर्वसाधारण आयुर्मान गाठतात.

पहिली पायरी औषधांची. मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर गटातील औषधे ठोके मंद करतात. त्यामुळे हृदयाला भरण्यास अवधी मिळतो आणि वाटेतील अडथळा घटतो. ती सोसत नसतील, तर व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम वापरतात. त्यानेही भागले नाही, तर काही रुग्णांना डायसोपायरामाइड दिले जाते. ही औषधे स्वस्त असली, तरी बरे वाटते म्हणून ती एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. शेतीच्या हंगामात दवाखान्याची फेरी चुकते आणि गोळ्या संपतात; हे टाळण्यासाठी पावसाळ्यापूर्वीच पुरेसा साठा करून ठेवणे हिताचे.

अलीकडची भर म्हणजे मावाकॅमटेन. हृदयस्नायूतील मायोसिनची अतिरिक्त ओढ कमी करणारे, थेट आजाराच्या मुळाशी काम करणारे हे पहिले औषध. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२२ मध्ये त्यास मान्यता दिली. अडथळा असलेल्या प्रौढ रुग्णांसाठी ते उपयुक्त ठरले. मात्र त्यामुळे हृदयाची पंपशक्ती प्रमाणाबाहेर घटू शकत असल्याने नियमित इको करीतच ते द्यावे लागते. गर्भवतींना ते देता येत नाही.

औषधांनी आराम पडत नसेल आणि अडथळ्याचा दाब ५० मिलिमीटर किंवा अधिक असेल, तर तो दूर करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला 'मायेक्टमी' शस्त्रक्रियेचा. यात छाती उघडून जाड पडद्याचा भाग कापून काढतात. अमेरिकेत अँड्र्यू मॉरो यांनी १९६० च्या दशकात रुजविलेली ही शस्त्रक्रिया अनुभवी केंद्रात अत्यंत सुरक्षित असून तिचे फळ दीर्घकाळ टिकते. दुसरा मार्ग 'अल्कोहोल सेप्टल अब्लेशन'चा. अँजिओप्लास्टीप्रमाणे नळी घालून पडद्याला रक्त पुरविणाऱ्या बारीक धमनीत शुद्ध अल्कोहोलचे काही थेंब सोडतात. तेवढा स्नायू मृत होऊन कालांतराने पातळ होतो. उलरिख सिगवार्ट यांनी १९९५ मध्ये या पद्धतीचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. यात छाती उघडावी लागत नाही. परंतु साधारणतः दहापैकी एका रुग्णाला पुढे पेसमेकर बसवावा लागतो. दोन्ही पद्धतींत डॉक्टरांचा अनुभव निर्णायक ठरतो. 'अशा किती शस्त्रक्रिया येथे झाल्या आहेत?' असे विचारण्यात रुग्णाने संकोच बाळगू नये.

अचानक मृत्यूचा धोका कोणाला?

वाटेतील अडथळा दूर झाला, तरी बेताल ठोक्यांचा धोका स्वतंत्रपणे तपासावा लागतो. आई-वडील, भावंडे वा मुले यांपैकी कोणाचा पन्नाशीच्या आत आकस्मिक मृत्यू झालेला असणे, भिंतीची जाडी ३० मिलिमीटर किंवा अधिक असणे, कारणाशिवाय शुद्ध हरपणे, होल्टरमध्ये धोकादायक ठोक्यांच्या मालिका दिसणे, एमआरआयमध्ये मोठ्या प्रमाणावर व्रण आढळणे, पंपशक्ती ५० टक्क्यांच्या खाली जाणे या धोक्याच्या खुणा समजल्या जातात.

अशा रुग्णांना 'आयसीडी' हे उपकरण बसविण्याचा सल्ला दिला जातो. कॉलरच्या हाडाखाली त्वचेआड बसणारी ही डबी ठोक्यांवर अहोरात्र पहारा ठेवते आणि प्राणघातक लय सुरू होताच विजेचा झटका देऊन हृदय ताळ्यावर आणते. माणसाच्या शरीरात ती प्रथम १९८० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बसविण्यात आली. उपकरणाचा खर्च काही लाखांच्या घरात जातो आणि काही वर्षांनी बॅटरी संपल्यावर ते बदलावे लागते. वेल्डिंग यंत्राजवळ काम करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. मोबाइल त्या बाजूच्या खिशात ठेवू नये.

एचसीएममध्ये हृदयाचा वरचा कप्पा मोठा होऊन 'एट्रियल फिब्रिलेशन' ही अनियमित लय निर्माण होण्याची शक्यता बरीच असते. तीतून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात ओढवू शकतो. त्यामुळे ही लय एकदा आढळली, की रक्त पातळ ठेवणारी औषधे सहसा कायमची घ्यावी लागतात. या औषधांवर असताना पायात काटा रुतला वा विळा लागला, तर रक्त लवकर थांबत नाही, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

जिभेखालची गोळी : मदत की अपाय?

छातीत दुखू लागताच जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवण्याची सवय आता खेडोपाडी पोचली आहे. रक्तवाहिन्यांच्या आजारात उपयोगी ठरणारी ही गोळी अडथळा असलेल्या एचसीएममध्ये मात्र घातक ठरू शकते. रक्तवाहिन्या एकदम सैलावतात, हृदय रिकामे होते आणि अडथळा वाढून रुग्ण कोसळू शकतो. रक्तदाबासाठी दिली जाणारी काही औषधे, लघवीचे प्रमाण वाढविणाऱ्या गोळ्यांचा अतिरेक आणि लैंगिक दुर्बलतेवरील गोळ्या यांबाबतही हीच सावधगिरी हवी.

रात्री-अपरात्री रुग्णाला नेले जाईल, तेथील डॉक्टरांना त्याचा पूर्वेतिहास ठाऊक असेलच असे नाही. म्हणून प्रत्येक रुग्णाने पाकिटात एक चिठ्ठी बाळगावी. आजाराचे नाव, अडथळा आहे की नाही, चालू औषधे, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दूरध्वनी आणि 'नायट्रेट देऊ नये' ही सूचना तीत असावी. जोडीला जुन्या ईसीजीची प्रत असल्यास नव्या आलेखाशी तुलना करता येते. एका कागदाने प्राण वाचू शकतो, तो असा.

शेती, गड आणि उपवास

पूर्वी एचसीएमच्या रुग्णांना सर्व प्रकारच्या श्रमांची सरसकट मनाई केली जाई. ती भूमिका आता बदलली आहे. अमेरिकेसह काही देशांतील १,६०० हून अधिक व्यक्तींचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. वैद्यकीय देखरेखीखाली जोमदार व्यायाम करणाऱ्यांमध्ये गंभीर घटना मध्यम व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक घडल्या नाहीत, असे त्यात दिसले. चालण्यासारखा मध्यम व्यायाम बहुतेकांना हितकारकच असतो. चुरशीचे खेळ, कुस्ती, कबड्डी यांबाबतचा निर्णय मात्र धोक्याच्या खुणा तपासून, तज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा.

भोर-वेल्ह्यात प्रश्न व्यायामशाळेचा नसून उपजीविकेचा आहे. भात हे येथील प्रमुख पीक. चिखलणी, लावणी, भारे वाहणे ही कामे टाळता येत नाहीत. अशा वेळी काम तुकड्यांत विभागणे, एकदम जोर न लावणे, ओझे निम्मे करून दोन खेपा करणे, भरपेट जेवणानंतर लगेच चढण न चढणे हे व्यवहार्य उपाय ठरतात. शरीरात पाणी कमी झाले, की अडथळा वाढतो. त्यामुळे वैशाखातील उन्हात काम करताना, तसेच जुलाब-उलट्या झाल्यास पाणी आणि मीठ-साखरेचे द्रावण वेळेवर घेणे आवश्यक आहे. हरितालिकेसारखे निर्जळी उपवास रुग्णांनी करू नयेत. मद्यपानाने अडथळा तीव्र होतो, हेही स्पष्ट सांगायला हवे.

सुट्टीच्या दिवशी पुण्याहून राजगड-तोरण्यावर जाणाऱ्यांनाही हे लागू आहे. तोरणा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंच. चढण उभी आणि लांब. कुटुंबात तरुण वयात आकस्मिक मृत्यू झालेला असेल किंवा चढताना कधी भोवळ आली असेल, तर गडावर जाण्यापूर्वी ईसीजी आणि इको करून घेणे हाच खरा पूर्वतयारीचा भाग होय.

एचसीएम असलेल्या बहुतेक स्त्रियांचे गरोदरपण सुखरूप पार पडते. तथापि गर्भधारणेपूर्वीच तज्ज्ञांचा सल्ला घेणे, बीटा ब्लॉकर स्वतःहून बंद न करणे आणि हृदयरोगतज्ज्ञ उपलब्ध असलेल्या रुग्णालयात बाळंतपण ठरविणे गरजेचे असते. दुर्गम गावातील गर्भवतीला प्रसूतीच्या तारखेआधीच पुण्यात नातेवाइकांकडे आणून ठेवणे श्रेयस्कर.

कोसळलेल्या माणसाजवळ पहिली पाच मिनिटे

हृदय थांबल्यानंतर प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. मुसळधार पावसात घाटरस्त्याने रुग्णवाहिका वाडीपर्यंत पोचण्यास लागणारा वेळ पाहता, पहिली मदत जवळच्या माणसालाच करावी लागते. माणूस हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर एकाने तत्काळ १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. दुसऱ्याने त्यास कठीण जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. तोंडात पाणी ओतणे, कांदा हुंगविणे यांत वेळ घालवू नये. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन जून २०२१ मध्ये मैदानावर कोसळला, तेव्हा तात्काळ मिळालेले छातीदाब आणि विजेचा झटका यांमुळेच तो वाचला. पुढे आयसीडी बसवून तो पुन्हा खेळूही लागला. ग्रामपंचायत, शाळा, तालीम मंडळे आणि गडांच्या पायथ्याची गावे येथे या तंत्राचे प्रशिक्षण देणे फारसे खर्चिक नाही.

एकाचे निदान, घरादाराची तपासणी

कुटुंबात एकाला एचसीएम असल्याचे ठरले, की त्याचे आई-वडील, भावंडे आणि मुले यांचे ईसीजी व इको करणे हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे. पहिली तपासणी निर्दोष आली, म्हणजे कायमची सुटका झाली असे नाही. कारण आजार पौगंडावस्थेत किंवा त्यानंतरही प्रकट होतो. त्यामुळे मुलांची तपासणी साधारणतः १ ते ३ वर्षांनी आणि प्रौढांची ३ ते ५ वर्षांनी पुन्हा करावी लागते.

रुग्णाची जनुकीय चाचणी करून सदोष जनुक सापडल्यास नातेवाइकांचे काम सोपे होते. ज्यांच्यात तो दोष नाही, त्यांना वारंवार इको करावे लागत नाहीत. मात्र अनेक रुग्णांत चाचणी करूनही दोष सापडत नाही; अशा वेळी नातेवाइकांनी इकोवरच विसंबावे लागते. चाचणीपूर्वी आणि नंतर जनुकीय समुपदेशन मिळणे आवश्यक आहे. विशेषतः लग्नाच्या वयातील मुला-मुलींचे निष्कर्ष गावभर होऊ नयेत, याची काळजी कुटुंबाने घ्यावी. दोषी कोणीच नसते. सुनेच्या वा जावयाच्या माथी खापर फोडण्याला शास्त्राचा कोणताही आधार नाही.

तरुणाचा आकस्मिक मृत्यू झाल्यास शवविच्छेदनास नकार देण्याकडे नातेवाइकांचा कल असतो. दुःखाच्या प्रसंगी ते स्वाभाविक आहे. परंतु हृदयाची नीट तपासणी झाली, तर मागे राहिलेल्या मुलांच्या जिवाला असलेला धोका कळू शकतो, हे समजावून सांगण्याची जबाबदारी गावातील जाणत्यांनी उचलावी.

कोठे जावे, पैसा कोठून यावा?

ईसीजीची सोय ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या स्तरावर असते. तेथील अहवाल संशयास्पद आल्यास पुढील तपासण्यांसाठी बहुधा पुणे गाठावे लागते. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न ससून सर्वसाधारण रुग्णालय हा सार्वजनिक व्यवस्थेतील मुख्य आधार. अंगणवाडी आणि शासकीय शाळांतील १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून होते. खेळताना चक्कर येणारे मूल शिक्षकांनी या पथकाच्या नजरेस आणून द्यावे.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली असून, प्रतिकुटुंब वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ मध्ये घेतला. कोणती शस्त्रक्रिया वा उपकरण तीत बसते, हे दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून जाणून घ्यावे. शिधापत्रिका आणि आधार कार्डावरील नावे जुळत नसतील, तर ती दुरुस्ती आजारपणाच्या आधीच करून ठेवणे उत्तम.

खासगी आरोग्यविम्याबाबत एक निकाल मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. 'आनुवंशिक आजार' या सबबीवर एका एचसीएम रुग्णाचा दावा विमा कंपनीने फेटाळला होता. अशी सरसकट वगळणूक भेदभाव करणारी आहे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान, विमा नियामक प्राधिकरणाने मार्च २०१८ मध्ये कंपन्यांना तशा सूचना दिल्या आणि २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आनुवंशिक आजार वगळण्यास मनाई केली. अर्थात, ठाऊक असलेला आजार प्रस्तावपत्रात लपविल्यास दावा अडचणीत येतो, हे विसरू नये.

या साऱ्याची सुरुवात मात्र ना यंत्राने होते, ना पैशाने. ती होते घरातील वडीलधाऱ्यांना विचारलेल्या एका प्रश्नाने. आपल्या घराण्यात, आजोळी, आत्याच्या घरी पन्नाशीच्या आत अचानक कोण गेले? वय काय होते, काय करताना गेले? ही नावे एका कागदावर मांडून तो डॉक्टरांपुढे ठेवावा. गेलेला माणूस परत येत नाही. पण त्याच्या जाण्याचे कारण कळले, तर त्याच्या लेकरांच्या वाट्याला तोच प्रसंग येणे टळू शकते.